घरचा राऊटर आणि त्याचा मुखत्यार

(बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी)

आपल्या वार्षिकांकात कथा, कविता, प्रवासवर्णने आणि थोरांची चरित्रे यांना कधी तोटा नसतो. अशा पंगतीत ‘राऊटर’सारख्या यंत्रावरील लेख पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. शिवाय मी शास्त्रशाखेची नव्हे. मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र हे माझे विषय. तेव्हा हा आगाऊपणा का केला, याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

माझे गाव उदगीरपासून फार दूर नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिक्षणासाठी मी मावशीकडे राहते. काकांचे पुढच्या खोलीत शिलाईचे दुकान आहे. मधल्या खोलीत मावशीच्या सासूबाई, म्हणजे आजी, अर्धांगवायूमुळे तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. मागे पत्र्याची एक खोली आहे, तेथे मी अभ्यास करते. घरात काचेच्या तंतूची एक तार येते. त्याच तारेवरून इंटरनेटही येते आणि टीव्हीची चॅनेलेही येतात. एक टीव्ही दुकानात आणि एक आजींच्या खोलीत, दोहोंना एकेक डबा जोडलेला. आजींना नीट बोलता येत नाही. पण संध्याकाळी टीव्हीवर हरिपाठ लागला की त्यांचे ओठ हलतात. दिवसभरातला तोच त्यांचा तास.

जुना राऊटर तापून तापून दिवसातून चारदा बंद पडे आणि त्याचे वाय-फाय माझ्या खोलीपर्यंत पोहोचतच नसे. म्हणून शिष्यवृत्तीच्या पैशातून चौदाशे रुपयांना एक वापरलेला राऊटर मी विकत आणला. जुना उतरवण्यापूर्वी त्याच्या सेटिंगच्या पानाचे फोटो काढून ठेवले, एवढे शहाणपण मला सुचले. नवा जोडला, माझ्या खोलीत इंटरनेट उत्तम चालू लागले आणि घरातले दोन्ही टीव्ही काळे पडले. घाबरून जुना राऊटर पुन्हा जोडला, तर त्याचा दिवाही लागेना. कनेक्शन देणाऱ्यांना फोन केला; ते म्हणाले, आमच्याकडचाच राऊटर घ्या, त्याचे पैसे वेगळे, माणूस आठ दिवसांनी येईल.

मावशी रागावली नाही, एवढेच म्हणाली, “चांगलं चाललेलं कशाला बिघडवलीस गं?” संध्याकाळी सात वाजता आजींनी नेहमीप्रमाणे टीव्हीकडे मान वळवली आणि काळ्या काचेकडे पाहत राहिल्या. त्या रात्री मी ठरवले, की हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचे. पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत जे कळले ते या लेखात क्रमाने सांगते.

दवंडी, पत्र आणि पारावरचे वर्तमानपत्र

एक निरोप अनेकांपर्यंत पोहोचवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली दवंडीची. कोतवाल गावभर डफ वाजवीत फिरतो. ज्याला ऐकायचे आहे त्याला आणि ज्याला नको आहे त्यालाही ते ऐकावेच लागते. संगणकाच्या जाळ्यात याला ब्रॉडकास्ट म्हणतात. दुसरी रीत पत्राची. लग्नाच्या दोनशे पत्रिका म्हणजे दोनशे पाकिटे, प्रत्येकावर वेगळा पत्ता. याला युनिकास्ट म्हणतात. मोबाइलवर आपण व्हिडिओ पाहतो तो याच रीतीने येतो. एकच व्हिडिओ एका वेळी हजार जण पाहत असले, तर जाळ्यातून हजार वेगळे प्रवाह वाहत असतात.

तिसरी रीत या दोहोंच्या मधली. पूर्वी आमच्या गावात पारावर वर्तमानपत्राचा एकच अंक येई आणि एक जण तो मोठ्याने वाची. ज्यांना ऐकायचे ते पाराजवळ येत. बाकीचे आपापल्या कामाला जात. उदगीरहून अंक एकच आला, ऐकणारे मात्र वीस. संगणकाच्या जाळ्यात यालाच मल्टिकास्ट म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या उदगिरात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मांडवातील ध्वनिक्षेपकानेही हेच केले. वक्ता एकदाच बोलला आणि जो मांडवात आला त्याने ऐकले. पण तेच भाषण कोणी घरी मोबाइलवर पाहिले असेल, तर त्या प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागला असणार.

मल्टिकास्टचा फायदा हिशेबाने पटतो. समजा, एका चॅनेलला सेकंदाला ८ मेगाबिट लागतात आणि एका पेठेतली शंभर घरे तेच चॅनेल पाहत आहेत. पत्राच्या रीतीने पेठेकडे येणाऱ्या मुख्य तारेवर ८०० मेगाबिटचा भार पडेल. पारावरच्या रीतीने मुख्य तारेवरून ८ मेगाबिटचा एकच प्रवाह येईल. वाट जेथे फुटते तेथेच त्याची नक्कल होईल. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी हा फरक किती मोठा असेल, हे सांगणे नलगे.

या कल्पनेचा पाया अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने घातला. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी लिहिलेला नियमग्रंथ इंटरनेटच्या नियमावलीत १११२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथे इंटरनेटच्या अभियंत्यांची सभा भरली, तेव्हा तिचा आवाज मल्टिकास्टने दूरदूरच्या ठिकाणी ऐकवण्यात आला. मात्र सर्व जगाच्या खुल्या इंटरनेटवर ही रीत रुजली नाही; वाटेतल्या प्रत्येक राऊटरने तिची दखल घ्यावी लागते आणि तेवढे एकमत झाले नाही. ती रुजली ती एकाच मालकीच्या जाळ्यांत. तारेवरून टीव्ही देणाऱ्या कंपन्यांचे जाळे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मुंबईतील एक दाखला

पत्राची रीत आणि पारावरची रीत यांतला फरक केवळ काटकसरीचा नाही, न्यायाचाही आहे. याचा दाखला आपल्या मुंबईतच घडला.

वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, आहे. २०१० च्या सुमारास दलालांना आपले संगणक बाजाराच्या इमारतीतच ठेवण्याची सोय मिळाली. प्रत्येक सौद्याची क्षणाक्षणाची खबर तेथे पत्राच्या रीतीने, म्हणजे एकामागून एक, पाठवली जाई. जो आधी जोडला गेला त्याला आधी. त्याच्या मागच्याला नंतर. हा फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा. पण जेथे सौदे यंत्रे करतात तेथे तेवढ्यावरही नफा ठरतो. पुढे २०१४ च्या सुमारास बाजाराने ही खबर मल्टिकास्टने देण्यास सुरुवात केली, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी सर्वांकडे निघू लागला.

आधीच्या व्यवस्थेबद्दल तक्रारी झाल्या, चौकशी झाली. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली. मात्र पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा आरोप पुराव्याअभावी सिद्ध होत नाही, असे सेबीने ठरवले. कोर्टकचेऱ्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की निरोप कोणत्या रीतीने पाठवला हा प्रश्न कधीकधी शेकडो कोटींचा होतो. आमच्या घरी तो एका म्हातारीच्या हरिपाठाचा झाला होता.

नाव नोंदवण्याची पद्धत

आता प्रश्न असा, की कोणत्या घराला कोणते चॅनेल हवे हे जाळ्याला कळते कसे? त्यासाठी नाव नोंदवण्याची एक पद्धत आहे. तिला आयजीएमपी म्हणतात. तिची दुसरी आवृत्ती १९९७ साली आणि तिसरी २००२ साली आली.

मल्टिकास्टसाठी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले आहेत. हे पत्ते कोणा एका यंत्राचे नसतात. ते गटाचे असतात. एकेक चॅनेल म्हणजे एकेक गट. आपण रिमोटचे बटन दाबतो तेव्हा टीव्हीचा डबा “मला अमुक गटात घ्या” असा अर्ज करतो. चॅनेल बदलले की “मला यातून काढा” असा दुसरा अर्ज जातो.

पण डब्याची वीजच गेली तर? निरोप न घेताच तो बंद पडेल आणि प्रवाह उगाच येत राहील. म्हणून वरचा राऊटर ठरावीक वेळाने हजेरी घेतो, “या गटात अजून कोणी आहे काय?” ही हजेरी साधारणपणे १२५ सेकंदांनी होते आणि उत्तराला १० सेकंदांची मुदत असते. एखादी हाक वाटेत हरवू शकते, म्हणून दोन हजेऱ्यांपर्यंत वाट पाहिली जाते. म्हणजे १२५ च्या दुप्पट २५० आणि वर १०, असे २६० सेकंद कोणाचीच ‘ओ’ आली नाही, तर नाव कापले जाते आणि प्रवाह थांबतो. हा २६० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

मुखत्यार कशासाठी?

हे अर्ज एकाच जाळ्यापुरते असतात. राऊटर ओलांडून पलीकडे जाण्याची त्यांना मुभा नसते. आमच्या घरात डबे राऊटरच्या अलीकडे आणि चॅनेल देणारे यंत्र पलीकडे. डबा अर्ज करी. तो अर्ज नव्या राऊटरच्या दाराशी येऊन पडे. पलीकडे कोणालाच त्याची खबर नसे. टीव्ही काळा पडण्याचे कारण एवढेच होते.

मोठ्या जाळ्यांतील राऊटर आपसांत बोलून प्रवाहाची वाट ठरवतात. त्याची यंत्रणा अवघड आहे. घराला तिची गरज नाही. घराची वाट एकच. वर कंपनी, खाली आपण. अशा ठिकाणी एक मुखत्यार नेमला की काम भागते. त्यालाच मल्टिकास्ट प्रॉक्सी किंवा आयजीएमपी प्रॉक्सी म्हणतात. त्याचे नियम ऑगस्ट २००६ मध्ये ४६०५ या क्रमांकाच्या नियमग्रंथात सांगितले आहेत.

आमच्या गावाहून उदगीरच्या बाजाराला निघणारा माणूस आधी गल्लीत विचारतो, कोणाला काय आणायचे आहे? पाच घरांची यादी तो एक करतो. दोन घरांनी एकाच दुकानातला निरोप सांगितला तर दुकानदाराला तो एकदाच विचारतो. दुकानदाराला पाच घरे ठाऊक नसतात. त्याच्या लेखी गिऱ्हाईक एकच. प्रॉक्सीचे वागणे नेमके असेच असते. घराच्या बाजूला ती राऊटरसारखी वागते, हजेरी घेते आणि यादी ठेवते. कंपनीच्या बाजूला ती साध्या डब्यासारखी वागते, अर्ज करते आणि हजेरीला ‘ओ’ देते. वरून आलेला एकच प्रवाह ती घरातील मागणाऱ्यांना देते. नियम असा, की वरची बाजू एकच असावी. खालच्या बाजू कितीही असू शकतात.

प्रत्यक्ष काम

अनेक राऊटरांच्या पानावर ‘आयपीटीव्ही’ नावाच्या भागात ‘आयजीएमपी प्रॉक्सी’ अशी एक चौकट असते. तेथे खूण केली की काम होते. माझ्या राऊटरमध्ये ती नव्हती. दुकानदाराने त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी ही सर्वांना मोफत मिळणारी प्रणाली घातलेली होती. तीत ही प्रॉक्सी वेगळी बसवावी लागते आणि तिची फाइल हाताने लिहावी लागते. माहिती सारी इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसले. जे पान इंग्रजीच्या पेपरात उताऱ्यासाठी आले असते तर मी सोडून दिले असते, ते येथे चार-चारदा वाचले.

प्रथम तारेतील वाटा पाहिल्या. एसटीच्या एकाच गाडीत प्रवासी असतात आणि टपावर पार्सलेही असतात. तसे एका तारेत इंटरनेट एका क्रमांकाच्या वाटेने आणि टीव्ही दुसऱ्या क्रमांकाच्या वाटेने येत होता. या वाटेला व्हीलॅन म्हणतात. टीव्हीचा क्रमांक जुन्या राऊटरच्या फोटोत सापडला. तो नसता तर माझे सारे कष्ट वाया गेले असते. म्हणून पहिला धडा असा, की जुने यंत्र उतरवण्यापूर्वी त्याची सारी पाने टिपून ठेवावीत. त्या क्रमांकाची नवी वाट मी राऊटरमध्ये केली आणि प्रॉक्सीच्या फाइलीत लिहिले, की वरची बाजू ही टीव्हीची वाट आणि खालची बाजू हे घरचे जाळे.

टीव्ही लागला नाही. दुसऱ्या दिवशी राऊटरची रोजनिशी उघडून पाहिली. यंत्रेही रोजनिशी लिहितात, हे मला तोवर माहीत नव्हते. तीत एकच तक्रार पुनःपुन्हा लिहिली होती, की ज्या पत्त्यावरून चित्र येते तो पत्ता वरच्या बाजूच्या मान्य पत्त्यांत बसत नाही. मुखत्यार अनोळखी माणसाकडून माल घेत नव्हता, आणि ते योग्यच होते. कोणाकोणाकडून माल घ्यावा हे त्याला ‘आल्टनेट’ या नावाच्या ओळीत सांगावे लागते. रोजनिशीत दिसलेला पत्त्यांचा पट्टा तेवढा मी तेथे लिहिला. काहीजण येथे ‘जगातील सर्व पत्ते’ असे लिहून मोकळे होतात; तसे करू नये. घराचे दार एका पाहुण्यासाठी उघडायचे असते, रस्त्यासाठी नव्हे.

दुकानातला टीव्ही लागला. काकांनी मशीन थांबवून मान वर केली. मावशी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. आणि आम्ही सारे पाहत असतानाच चित्र गोठले. चॅनेल बदलून परत आणले की चालू होई. थोड्या वेळाने पुन्हा गोठे. काका म्हणाले, “राहू दे बाई, माणूस येईल तवा बघील.”

मला ते ‘थोड्या वेळाने’ सलत राहिले. दुकानातील भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी वेळ मोजली. चार मिनिटे वीस सेकंद. पुन्हा मोजली, तितकीच. तिसऱ्यांदा मोजली, एखाद्या सेकंदाचा फरक. चार मिनिटे वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद! म्हणजे आमचा अर्ज वर पोहोचत होता, म्हणून चित्र सुरू होई. पण नंतरच्या हजेरीला आमच्याकडून ‘ओ’ जात नव्हती, म्हणून नाव कापले जाई.

‘ओ’ का जात नव्हती? कारण हजेरीची हाकच आत येत नव्हती. राऊटरच्या दारावर फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो. बाहेरून येणाऱ्या आयजीएमपी हाकेला आत सोडण्याची सूचना इंटरनेटच्या दाराला आधीपासूनच दिलेली होती. टीव्हीचे दार मात्र मी नवे केले होते आणि तेथल्या पहारेकऱ्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. चित्राचे प्रवाह आत सोडण्याचा नियम मी लिहिला होता. हजेरीचा लिहायचा राहिला होता. ती एक ओळ लिहिली. पाच मिनिटे झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. चित्र थांबले नाही. त्या संध्याकाळी आजींचा हरिपाठ लागला.

तरी एक खोड उरली. आजींच्या खोलीत आणि दुकानात एकच चॅनेल लागलेले असे आणि गिऱ्हाईक आले म्हणून काकांनी दुकानातले चॅनेल बदलले, की आजींचे चित्र बंद पडे. कारण शोधता कळले, की प्रॉक्सीच्या फाइलीत ‘क्विकलीव्ह’ असा एक शब्द होता. मीच कुठल्याशा नमुन्यावरून तो उतरवला होता. तो असला की घरातील एकानेही ‘मला काढा’ म्हटले, तर मुखत्यार घरातील दुसऱ्या कोणाला न विचारता लगेच वर सांगून टाकतो, ‘आम्हाला नको.’ एकच टीव्ही असलेल्या घरात ही घाई सोयीची ठरते, चॅनेल चटकन बदलते. दोन टीव्ही असलेल्या घरात तो अन्याय होतो. तो शब्द मी काढून टाकला. आता मुखत्यार आधी विचारतो, “आणखी कोणाला हवे आहे काय?” आणि मगच वर कळवतो. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने निर्णय घेण्यापूर्वी त्याला विचारावे, ही गोष्ट यंत्रालाही सांगावी लागते.

शेवटची अडचण माझ्याच खोलीतली. टीव्ही चालू असला की माझे इंटरनेट मंद होई. घरातील जाळे हा प्रवाह कोणत्याही तारेवर आणि वाय-फायवरही सोडून देत होते, म्हणजे पारावरचे वाचन पुन्हा दवंडीच झाले होते. वाय-फायवर तर असा प्रवाह सामान्यतः सर्वांत संथ गतीने पाठवला जातो, कारण दूरच्या, कमजोर यंत्रालाही तो ऐकू जावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे हवेतली सारी जागा तोच अडवतो. यावर उपाय ‘आयजीएमपी स्नूपिंग’चा. घरातील जाळे अर्जांवर कान ठेवते आणि ज्या तारेवरून अर्ज आला तिकडेच प्रवाह सोडते. ती खूण केली आणि माझी खोली मोकळी झाली.

काही सूचना

कोणास हे काम करायचे असेल तर थोडक्यात सांगते. मोबाइलवरील किंवा स्मार्ट टीव्हीवरील ॲपमधून पाहणाऱ्यांना याची गरज नाही. ते प्रवाह पत्राच्या रीतीने येतात. ज्यांच्याकडे तारेवरूनच टीव्ही येतो, डबा लागतो आणि स्वतःचा राऊटर लावल्यावर तो बंद पडतो, त्यांच्यासाठीच हे आहे. टीव्ही मुळीच लागत नसेल तर वाटेचा क्रमांक, वरची बाजू आणि आल्टनेट तपासावे. लागून चार-साडेचार मिनिटांनी थांबत असेल तर हजेरीची हाक कुठे अडते ते पाहावे. एका टीव्हीमुळे दुसरा थांबत असेल तर क्विकलीव्ह पाहावे. टीव्हीमुळे वाय-फाय मंदावत असेल तर स्नूपिंग पाहावे. आणि एका वेळी एकच बदल करावा; दोन केले तर कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही.

समारोप

आठ दिवसांनी येणार म्हणून सांगितलेला माणूस दहाव्या दिवशी आला. टीव्ही चालू पाहून त्याने विचारले, “कोणी केलं?” मावशीने माझ्याकडे बोट दाखवले. तो चांगला माणूस होता. त्याने माझी फाइल पाहिली आणि आपल्या मोबाइलमध्ये तिचा फोटो घेतला. जाताना म्हणाला, “कोणत्या कॉलेजात हाव? इंजिनिअरिंगला?” मी म्हणाले, “नाही, बी. ए. ला आहे.” त्याला ते खरे वाटले की नाही, कोण जाणे.

माझी आई अंगठा करते. या दिवाळीत गावी गेले तेव्हा तिला हे सारे सांगितले. राऊटर, प्रॉक्सी हे शब्द तिच्या कानावरही आलेले नव्हते. पण बाजाराला जाणारा माणूस गल्लीत विचारतो तसे, असे म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, “मग त्यानं इसरून आला तर?” नेमकी हीच शंका मला पाच दिवस छळत होती. तेव्हा मला वाटले, की हे ज्ञान अवघड नाही. ते आपल्या बोलीत कोणी सांगितलेले नाही, एवढेच. आपल्यापैकी अनेकांच्या घरात यंत्रे आली आहेत. त्यांची भाषा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना भाषा येते. मग त्यांनी या कामात मुखत्यार व्हायला काय हरकत आहे?

प्राध्यापकवर्गाने लेखातील चुका दाखवाव्यात, मी ऋणी राहीन. लेख लांबला, आता आवरता घेते. सात वाजत आले आहेत आणि मधल्या खोलीत टीव्ही लावायचा आहे.